पडून राहिलेले पॉइंट : एका सुट्टीच्या सौद्याची हकिगत

कापडाच्या बाजारात ज्याचे केस पांढरे झाले आहेत त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ईद आणि लग्नसराई उलटून गेली की फडताळात राहिलेले थान हे थान राहत नाही, ते ओझे होते. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ज्या मालाचा भाव आम्ही एक रुपयाने खाली आणत नव्हतो, तोच माल दोन महिन्यांनी कटपीसवाल्याला किलोवर द्यावा लागतो. माल तोच, रंग तोच, वीणही तीच. फक्त वेळ निघून गेलेली असते.

हा नियम कापडालाच लागू आहे असे आम्ही तीस वर्षे समजत होतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा कळले की तिथे सुट्टीच्या दिवसांचाही असाच बाजार भरतो, त्यातही शिळा माल असतो, दलाल असतात, आणि भामटेही असतात. त्या बाजारात आम्ही आधी ठेच खाल्ली आणि नंतर एक चांगला सौदा केला. दोन्ही गोष्टी वाचक बांधवांपुढे ठेवतो. आज आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-मुली न्यू जर्सी, टेक्सास, टोरांटो इथे स्थायिक आहेत आणि आई-वडिलांना बोलावून घेत आहेत. असा प्रसंग त्यांच्यावरही येऊ शकतो.

अठरा दिवसांवर आलेली सुट्टी

आमचे जावई न्यू जर्सीत एका औषध कंपनीत नोकरीला आहेत. त्यांना रजा मिळेल की नाही हे ठरत नव्हते. एका संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सांगितले की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चार-पाच दिवस मोकळे मिळाले आहेत. नात सात वर्षांची. तिने त्याच क्षणी आमच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "नाना, आता मिकीच्या गावी जायचे." सप्टेंबर लागताच तिची शाळा सुरू होणार होती. म्हणजे जायचे तर आताच. हातात दिवस उरले अठरा.

मिकीचे गाव म्हणजे फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहराजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झाले. सुमारे ४० चौरस मैलांचा हा पसारा आहे. त्यात चार मोठी उद्याने आहेत : १९७१ चे मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम. आवारातच कंपनीची अनेक हॉटेले आहेत. आम्ही सहा माणसे : आम्ही आणि आमच्या बेगम, मुलगी, जावई आणि दोन मुले. सहा माणसांना स्वयंपाकघरासह दोन खोल्यांचे घर हवे असेल तर चार रात्रींचे भाडे, करासह, चार हजार डॉलरच्या वर सांगितले गेले. मुलीने फोन ठेवला आणि गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी जावयांच्या कचेरीतील एकाने त्यांना सांगितले की तिथलीच तीच घरे बऱ्याच कमी पैशांत मिळतात, पण हॉटेलकडून नाही. ज्यांच्याकडे पॉइंट आहेत त्यांच्याकडून.

हे पॉइंट म्हणजे काय?

हा प्रकार समजून घेण्यासाठी आम्ही दोन रात्री जावयांशेजारी बसलो. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी बेताचे. पण हिशेबाची भाषा सगळीकडे एकच असते.

टाइमशेअर ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात, आल्प्स पर्वतातील बर्फाच्या ठिकाणी रुजली. एका घराचे वर्षातील आठवडे वेगवेगळ्या माणसांना विकायचे; ज्याने जो आठवडा घेतला त्याने त्या आठवड्यात येऊन राहायचे. आपल्याकडे १९८६ साली स्थापन झालेली स्टर्लिंग आणि १९९६ साली स्थापन झालेली महिंद्रा हॉलिडेज यांनी हा धंदा मोठा केला. मॉलमध्ये चिठ्ठी भरायला लावून नंतर जोडप्याला जेवणाला बोलावणारे विक्रेते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा प्रकार अनोळखी नाही.

डिस्नेने आपली योजना १९९१ साली काढली. तिचे नाव डिस्ने व्हेकेशन क्लब. आठवड्याऐवजी तिथे पॉइंट विकले जातात. सभासद एकदाच मोठी रक्कम भरून, समजा, वर्षाला १५० पॉइंटांचा हक्क घेतो. दर वर्षी त्याच्या खात्यात तेवढे पॉइंट जमा होतात. कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेला, केवढ्या घराला रात्रीचे किती पॉइंट लागतील याचा तक्ता आधीच जाहीर असतो. सप्टेंबरमध्ये कमी लागतात, नाताळ आणि ईस्टरच्या दिवसांत जास्त.

हा हक्क कायमचा नाही. त्याला मुदत असते. क्लबचे पहिले ठिकाण, जे आज ओल्ड की वेस्ट नावाने ओळखले जाते, त्याच्या मूळ करारांची मुदत २०४२ पर्यंत आहे. पुढे काही सभासदांनी ती २०५७ पर्यंत वाढवून घेतली. नंतर बांधलेल्या काही ठिकाणांची मुदत आणखी पुढची आहे. मुदत संपली की हक्क संपला. शिवाय दर वर्षी प्रत्येक पॉइंटमागे देखभाल खर्च भरावा लागतो. सभासद गेला काय नि न गेला काय, तो खर्च चुकत नाही.

आमच्या वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट इथे आठवली. जमिनीची मालकी वेगळी आणि तिच्यातून मिळणारा उपभोग वेगळा. इजाऱ्यात आपण उपभोग घेतो, जमीन नाही. पॉइंट भाड्याने घेणे म्हणजे उपभोगाचाही उपभोग घेणे. मूळ जागा कंपनीची, मुदतीचा हक्क सभासदाचा, आणि चार रात्रींचा मुक्काम आपला. अशा तीन पदरी व्यवहारात कोणता पदर कोणाच्या हातात आहे हे ज्याला कळत नाही तो फसतो. आम्ही फसलो ते याच ठिकाणी.

मुदतीचा खेळ

पॉइंट भाड्याने का निघतात? कारण ते नासतात. प्रत्येक सभासदाचे पॉइंटचे वर्ष ठरावीक महिन्यापासून सुरू होते आणि बारा महिन्यांनी संपते. त्या वर्षात वापरले नाहीत तर पहिल्या आठ महिन्यांच्या आत ते पुढच्या वर्षात नेऊन ठेवता येतात. पुढच्या वर्षाचे पॉइंट आगाऊ उचलताही येतात, पण एकदा उचललेले परत जागेवर ठेवता येत नाहीत. आठ महिने उलटले आणि सभासद झोपून राहिला तर उरलेल्या चार महिन्यांत पॉइंट वापरायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

जागा पकडण्यालाही नियम आहे. ज्या ठिकाणाचा हक्क घेतला तिथे सभासदाला ११ महिने आधी जागा पकडता येते. इतर ठिकाणी ७ महिने आधी. त्यामुळे नाताळच्या जागा जानेवारी-फेब्रुवारीतच उडून जातात. अठरा दिवस आधी जाणाऱ्याला वाटेल की आता काय मिळणार? पण इथेच या बाजाराची खरी गंमत आहे.

पकडलेली जागा मुक्कामाच्या तारखेला ३० दिवसांपेक्षा जास्त अवधी असताना सोडली तर सभासदाचे पॉइंट त्याच्या खात्यात जसेच्या तसे परत जातात. तीस दिवसांच्या आत सोडली तर ते एका वेगळ्या, अडकवलेल्या खात्यात पडतात. तिथून ते पुढच्या वर्षात नेता येत नाहीत, आणि त्यांवर जागा पकडायची तर मुक्काम पुढच्या ६० दिवसांच्या आतला असावा लागतो. म्हणून ज्यांचे जाणे रद्द होणार असते ते लोक एकतिसाव्या दिवसाच्या आधी जागा सोडतात आणि त्या सुमारास काही घरे अचानक मोकळी दिसू लागतात. आणि ज्यांना उशीर झाला त्यांच्या हातात असा माल राहतो जो त्यांना स्वतःला वापरता येत नाही आणि साठवताही येत नाही.

हा तर आमचा ईदनंतरचा स्टॉक! शेवटच्या क्षणी जाणाऱ्याला मनाजोगी तारीख आणि मनाजोगते ठिकाण मिळेलच असे नाही. पण जो तारखेत एक-दोन दिवस आणि ठिकाणात थोडी तडजोड करू शकतो त्याच्यासाठी अशा सभासदाचे दार उघडे असते.

सहाशे डॉलरची ठेच

आता आमच्या मूर्खपणाची हकिगत. जावयांनी आधी एका दलाली करणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली. तिथे पॉइंटचा दर २० डॉलर सांगितला. त्याच दिवशी ओळखीच्याच्या ओळखीतून एका माणसाचा फोन आला. तो म्हणाला, आपण सभासद आहोत, पॉइंट वाया चालले आहेत, १२ डॉलरने देतो. निम्म्याच्या जवळपास पैसे आगाऊ पाठवा, उरलेले तिथे पोचल्यावर.

जावई कचरत होते. ते म्हणाले, "अब्बा, हा दर जरा जास्तच कमी वाटतो." आणि आम्ही, तीस वर्षे बाजारात घालवलेला माणूस, त्यांना काय म्हणालो? "बारात मिळत असताना वीस कशाला द्यायचे? अडलेला आहे तो. अडलेल्याकडूनच माल स्वस्त मिळतो."

जावयांनी सहाशे डॉलर बँकेतून थेट त्याच्या खात्यात पाठवले. त्या वेळच्या ८४ रुपयांच्या भावाने हे पन्नास हजार रुपये होतात. रात्री त्याने एक कागद पाठवला. त्यावर ठिकाणाचे नाव, तारखा आणि एक नंबर होता. नातीने तो कागद छापून घेऊन भिंतीवर चिकटवला.

दोन दिवसांनी मुलीने तो नंबर डिस्नेच्या आपल्या खात्यात जोडून पाहिला. जोडला जाईना. पुन्हा पाहिले, नाही. मग तिने थेट हॉटेलला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की त्या नंबरची आणि त्या नावाची कोणतीही जागा पकडलेली नाही. त्या माणसाचा फोन त्यानंतर लागला नाही. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत, तुमच्या मर्जीने पाठवले आहेत, आता ते परत आणता येणार नाहीत. रीतसर तक्रार केली आहे. हे लिहीपर्यंत एक डॉलरही परत आलेला नाही.

त्या रात्री जेवणावर कोणी बोलले नाही. जावयांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले. आम्ही सहाशे डॉलर आमच्याकडून देऊ केले. ते म्हणाले, "नको अब्बा, पाठवले मीच होते." बेगम मात्र खोलीत आल्यावर म्हणाल्या, "दुकानात एखादा अनोळखी माणूस निम्म्या भावात माल घेऊन आला तर तुम्ही त्याला पायरी तरी चढू देता का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. दुकानात आम्ही आधी विचारले असते, माल कुठे आहे, दाखव. बिल कोणाच्या नावाचे आहे? आणि पैसे चोख पाहिल्याशिवाय सोडले नसते. परक्या देशात, परक्या धंद्यात आम्ही आमचीच पाटी कोरी करून बसलो.

दुसरा सौदा

नातीच्या भिंतीवरचा कागद मुलीने काढला नाही. नऊ दिवस उरले होते. जावयांनी पुन्हा त्या दलाली कंपनीला फोन केला. या वेळी आम्ही शेजारी बसून प्रश्न सांगत होतो आणि ते इंग्रजीत विचारत होते.

कंपनीच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी कळवले की ओल्ड की वेस्टमध्ये दोन खोल्यांचे घर चार रात्रींसाठी मिळू शकेल. पॉइंट एका वयस्कर जोडप्याचे होते. पती आजारी पडल्याने त्यांनी आपला मुक्काम अगदी शेवटी रद्द केला होता, पॉइंट अडकलेल्या खात्यात पडले होते आणि त्यांचे वर्षही संपत आले होते. एकूण सव्वाशेच्या आसपास पॉइंट, दर २० डॉलर, म्हणजे अडीच हजार डॉलरच्या घरात रक्कम. आमच्या हिशेबाने दोन लाख दहा हजार रुपये. थेट हॉटेलच्या भावापेक्षा दीड हजार डॉलरने कमी.

आम्ही घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आधी लेखी करार आला. त्यात सभासदाचे नाव, ठिकाण, तारखा, घराचा प्रकार, येणाऱ्या सहा माणसांची नावे आणि रक्कम होती. पैसे क्रेडिट कार्डाने भरले. काही तासांत नंबर आला. मुलीने तो खात्यात जोडून पाहिला. या वेळी तो जोडला गेला आणि सहा जणांची नावे समोर दिसली. तिने हॉटेललाही फोन करून खात्री केली. मग कुठे नातीला सांगितले.

सभासदाला पैसे कसे मिळतात हेही आम्ही विचारून घेतले. या दलालाची रीत अशी की जागा पकडल्यावर सभासदाला ७० टक्के द्यायचे आणि उरलेले ३० टक्के पाहुणे मुक्कामाला पोचल्यावर. गिऱ्हाइकाकडून घेतलेला दर आणि सभासदाला दिलेला दर यांत काही डॉलरांचा फरक दलालाकडे राहतो. सभासदाने मधेच जागा रद्द करू नये म्हणून ३० टक्के मागे ठेवायचे आणि गिऱ्हाइकाचा पैसा थेट अनोळखी माणसाच्या हातात पडू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच ती दलाली. आमच्या बाजारात दलालाला दोन पैसे देताना आपण कुरकुरतो. पण तो दोन्ही बाजूंना ओळखतो आणि दोघांच्या मध्ये उभा राहतो, त्याचेच ते पैसे असतात.

मुक्कामात काय मिळाले

घर प्रशस्त होते. ओट्यासह पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र, बसायची खोली. बेगमांनी न्यू जर्सीहून मसाल्याचा डबा बरोबर आणला होता. ऑरलँडोतील एका हलाल दुकानातून चिकन घेतले. सकाळी अंडी-पराठे करून निघायचे आणि रात्री येऊन घरचे जेवायचे. उद्यानात सहा माणसांनी दोन वेळा खायचे म्हटले तर काय खर्च येतो हे ज्याने भोगले आहे त्याला या स्वयंपाकघराची किंमत कळेल. हलाल खाण्याची चिंताही मिटली.

आवारात राहणाऱ्याला दोन सोयी आणखी मिळतात : उद्यानापर्यंत फुकट बस, आणि इतरांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश. त्या अर्ध्या तासात लहान मुलांचे दोन पाळणे रांगेशिवाय उरकतात.

पण काही गोष्टी पॉइंटच्या भाड्यात येत नाहीत, त्या आधीच ध्यानात घ्याव्यात. प्रवेशाची तिकिटे वेगळी. माणशी दिवसाला शंभर डॉलरच्या वर, गर्दीच्या दिवसांत आणखी जास्त. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. विमानतळावरून हॉटेलपर्यंतची कंपनीची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, म्हणजे तो खर्चही आपला. पॉइंटवर राहणाऱ्याच्या घराची रोज झाडलोटही होत नाही. बेगमांनी झाडू मागून घेतला आणि सुनावले, "सुट्टीत तरी आम्हाला हॉटेलात ठेवायचे होते."

आमच्या बांधवांसाठी सूचना

आमच्या खर्चाने शिकलेल्या गोष्टी इथे क्रमाने देतो.

१) बाजारभाव आधी विचारावा. दोन-तीन दलालांचे दर घ्यावेत. जो त्यांच्याहून फार खाली उतरतो त्याला सौदा नको, पुरावा विचारावा.

२) जागा नेहमी सभासदच पकडतो आणि तोच ती बदलू किंवा रद्द करू शकतो. आपले नाव पाहुणा म्हणून लागते. म्हणून नंबर मिळताच तो आपल्या खात्यात जोडून पाहावा आणि हॉटेलला फोन करून खात्री करावी. नुसता छापलेला कागद म्हणजे काही नाही.

३) पैसे थेट बँकेतून अनोळखी माणसाला पाठवू नयेत. क्रेडिट कार्डाने भरले तर वाद झाल्यास दाद मागायला एक दार तरी उरते.

४) करार लेखी घ्यावा आणि रद्द झाल्यास काय होईल ते कलम आधी वाचावे. पॉइंट भाड्याने घेतलेला मुक्काम सहसा परत होत नाही. १५ मार्च २०२० च्या रात्री करोनामुळे उद्याने बंद झाली ती ११ जुलै २०२० ला उघडू लागली. तेव्हा हॉटेलकडून थेट खोली घेतलेल्यांना पैसे परत मिळाले, पण पॉइंट भाड्याने घेतलेले लोक, सभासद आणि दलाल यांच्यात तंटे झाले. १० ऑक्टोबर २०२४ रोजी मिल्टन वादळामुळेही उद्याने बंद राहिली. फ्लोरिडात जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. त्या काळात जाणाऱ्याने प्रवासाचा विमा उतरवावा.

५) विमानाची तिकिटे जागेचा नंबर पक्का झाल्यावरच काढावीत. आम्ही यात वाचलो ते निव्वळ नशिबाने; जावयांनी तिकिटे थांबवून ठेवली होती.

६) भाड्याने राहून आवडले म्हणून तिथल्या विक्रेत्याच्या टेबलावर बसून लगेच सभासदत्व घेऊ नये. आम्हालाही बोलावणे आले होते. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे टाइमशेअर घेणाऱ्याला करार रद्द करायला १० दिवसांची मुभा असते. पण त्या दहा दिवसांवर विसंबण्यापेक्षा सही न करणे चांगले. दर वर्षीचा देखभाल खर्च मुदत संपेपर्यंत मागे लागतो. ज्याला दर वर्षी अमेरिकेला जायचे नाही त्याला भाडेच परवडते. आपल्याकडील सभासदत्वांनाही हाच हिशेब लागू आहे.

७) आणि ज्यांची मुले तिथे सभासद आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की आपले पॉइंट भाड्याने द्यायला क्लबची हरकत नाही, पण त्याचा नियमित धंदा करायला आहे.

आपल्या धंद्याला यातून काय?

परत येताना विमानात आम्ही एका वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होतो. त्या वयस्कर जोडप्याने आपले पॉइंट मरू दिले असते तर त्यांना काहीच मिळाले नसते, आणि त्या वर्षाचा देखभाल खर्च तर भरलेलाच होता. एका दलालामुळे त्यांना दोन पैसे मिळाले, आमच्या नातीला चार दिवस मिळाले, आणि मधल्याला त्याची मजुरी. तिघांपैकी कोणाचेही नुकसान झाले नाही. जो माल कुजणार होता त्यातून तीन घरांना फायदा झाला.

आपल्याकडे असा माल किती पडून असतो! भिवंडीत आणि मालेगावात मागणी उतरली की माग दिवसचे दिवस उभे राहतात. कोणाकडे सायझिंगची वेळ मोकळी असते, कोणाकडे रंगाईची. पलीकडच्या गल्लीत एखादा कारखानदार ऑर्डर पुरी होत नाही म्हणून रात्र-रात्र जागत असतो. कढाईकामाचे यंत्र लग्नसराई सोडली तर निम्मे वर्ष झाकून ठेवलेले असते. आम्ही उरलेल्या थानाचा विचार करतो, कारण ते डोळ्यांना दिसते. उरलेल्या वेळेचा विचार करत नाही, कारण ती फडताळात दिसत नाही. पण उभ्या मागाचा गेलेला दिवस कटपीसवालाही किलोवर घेत नाही.

अशी मोकळी वेळ एकमेकांना द्यायची तर मध्ये भरवशाचा माणूस हवा, लेखी कागद हवा, काही पैसे काम पुरे होईपर्यंत मागे ठेवण्याची रीत हवी. आपला व्यवहार बराचसा जबानीवर चालतो. जबानीत बरकत आहे हे आम्ही नाकारत नाही. आमच्या वडिलांनी जबानीवरच दुकान उभे केले. पण ते ज्याला जबान देत त्याचे घर, बाप आणि मोहल्ला त्यांना ठाऊक होता. जिथे हे ठाऊक नाही तिथे जबानीच्या जोडीला कागद हवाच. सहाशे डॉलर गेले ते आम्ही ही साधी गोष्ट विसरलो म्हणून.

नातीने तो पहिला, खोटा कागद अजून भिंतीवरच ठेवला आहे. तिला तो खरा वाटतो, कारण त्यावर तिच्या मिकीच्या गावाचे नाव आहे. मुलीने विचारले, "अब्बा, काढून टाकू का?" आम्ही म्हणालो, राहू दे. पुढच्या खेपेला आलो की आमच्याही डोळ्यांसमोर असेल.